दोन्ही कुंड्यांना गडवाभर पाणी

“आम्ही स्वतः करून पाहिलंय,” असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की माझं डोकं फिरतं. काय केलंत, कसं केलंत, कोणाच्या हातून केलंत, असं मी तिथल्या तिथे विचारायला लागते, आणि तो माणूस पुन्हा आमच्याकडे चहाला येत नाही. न येवो. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून ही खोड शाळेतून लागली असं लोक समजतात. मी त्यांना समजू देते. खरं तर ती नालवाडीच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणातून आली, मेथीच्या दोन कुंड्यांतून, आणि तिची किंमत मोजली माझ्या ताईनं.

वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं. बाबा गावातल्या एका हायस्कुलात सायन्सचे मास्तर होते. खादीचा सदरा, सायकलच्या हँडलला अडकवलेली पिशवी आणि पिशवीत हमखास एखादी काचेची नळी. त्यांचं वर्गातलं एक वाक्य मुलांना इतकं पाठ होतं की ते बोलायला लागले की मागच्या बाकावरची पोरं ओठ हलवत. “एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा.” हे वाक्य त्यांनी घरातही सोडलं नव्हतं. नव्या चुलीवर भाकर फुगत नाही म्हणून आईनं कुरकुर केली की ते पाटावरून विचारायचे, “पीठ तेच होतं का? लाकडं तीच होती का?” आई म्हणायची, “तुमी जेवा उगेमुगे.”

ताई त्याच शाळेत नववीत होती. शाळेत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि सायन्सच्या खोलीत पुढे उभी राहणारी ती एकटीच. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून, निवळी गाळून, त्यात पपईच्या देठाच्या नळीनं ती फुंकायची आणि पाणी दुधी झालं की मला ओरडून बोलवायची. मी चौथीत होते. मला ती जादू वाटे. ताई चिडून सांगे, “जादू नाई बावळट, आपल्या श्वासातली हवा हाये ते.” मोठी झाल्यावर बाबांसारखी सायन्सची मास्तरीण होणार, हे तिनं ठरवून टाकलं होतं. घरात कोणाला त्यात नवल वाटत नव्हतं.

अडचण एकच होती. दर महिन्याचे चार दिवस ती बाजूला बसायची. आमच्याकडे तेव्हा सगळ्याच घरांत हे होतं. मागच्या पडवीत एक पोतं अंथरलेलं, एक वेगळी थाळी आणि वेगळा गडवा, म्हणजे तांब्या. पाणी हवं असलं की ताई गडवा खाली ठेवून मागे सरके, आणि आई उभ्यानं, बरंच वरून, धार धरून त्यात पाणी ओते, म्हणजे भांड्याला भांडं लागायला नको. मला ताईला शिवायची बंदी होती. मी मुद्दाम शिवायचे आणि मग विहिरीवर डोक्यावरून पाणी ओतून घ्यायचे. उन्हाळ्यात तर मला ती चैनच वाटे.

त्या चार दिवसांत शाळा नाही. वहीला हात नाही, कारण वही म्हणजे सरस्वती. बाबा सभांमधून शिवाशिवीविरुद्ध तळमळून बोलत, टाळ्या घेत, आणि घरी येऊन मागच्या पडवीला वळसा घालून विहिरीवर पाय धुवायला जात. ह्यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटलं नाही. मी हे आज म्हणते. तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

नववी संपताना विषय निवडायचे होते. हेडमास्तरांनी बाबांना खोलीत बोलावून सांगितलं की दहावीत प्रात्यक्षिकं आठवड्याच्या ठरलेल्या दिवशीच होतात, ती बुडवणाऱ्या मुलीला सायन्स देता येणार नाही. तुमची मुलगी हुशार आहे, पण सारखी गैरहजर असते. ती सायन्सऐवजी गृहशास्त्र घेईल तर बरं. बाबांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. खरं तर मुलगी गैरहजर का असते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

त्या रात्रीच्या जेवणाला ताईनं भाकरीला हात लावला नाही. ती बाबांना म्हणाली, “बाबा, तुमी वर्गात सांगता ना, ऐकीव गोष्ट खरी धरायची नाई, करून पाहायची म्हणून?”

“बरोबर.”

“मंग बाजूला बसलेली बाई शिवली तं झाड वाळते, लोणचं नासते, हे काऊन धरता? मी करून पाहू का? झाड जगलं तं मले त्या चार दिवसांत शाळेत जाऊ द्यायचं. वाळलं तं मी पुन्हा कधी बोलणार नाई.”

बाबांचा घास हातात राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फार क्वचित पाहिलं. त्यांना पोरीचा अभिमान वाटला होता. त्यांनी आईकडे पाहिलं. आई ताक वाढत होती. “पाहा ना करून,” ती म्हणाली. “मले कायचं भेव? म्या माह्या डोळ्यानं तुळस वाळलेली पाह्यली हाये.”

मग प्रयोगाची तयारी सुरू झाली, आणि बाबांच्या अंगात मास्तर संचारला. एकाच कुंभाराच्या, एकाच भट्टीतल्या दोन कुंड्या आणल्या. एकाच ढिगातली माती चाळून दोन्हींत भरली. एकाच मुठीतली मेथी पेरली. रोपं वर आली तेव्हा जास्तीची उपटून दोन्ही कुंड्या सारख्या केल्या. कपडे धुवायच्या दगडाशेजारी, एकाच उन्हात, हातभर अंतरावर दोन्ही ठेवल्या. एकीवर चुन्याचा ठिपका दिला. ताई बाजूला बसली की रोज सकाळी ह्या ठिपक्याच्या कुंडीतल्या रोपांवरून हात फिरवणार, दुसरीला शिवणार नाही. बस, एवढाच फरक.

राहिला पाण्याचा प्रश्न. इथे बाबांनी जी युक्ती काढली तिच्यावर ते स्वतःच खूश झाले. पाणी ताईनं घालायचं नाही, कारण तिला झाड जगायला हवं आहे. मी घालायचं नाही, कारण मी ताईची चमची. पाणी आईनं घालायचं. जिला झाड वाळेल अशी खात्री आहे तिच्याच हातून पाणी गेलं, आणि तरी झाड जगलं, तर कोणाला बोट ठेवायला जागा उरणार नाही. दोन्ही कुंड्यांना सकाळी एकेक गडवा, काठोकाठ. आईनं देवासमोर हात जोडून सांगितलं, “मी एक थेंब कमीजास्त नाई करणार.” आणि तिनं केला नाही, हे मी आजही कोणाच्याही समोर सांगेन. आमची आई खोटं बोलणारी बाई नव्हती.

ताई बाजूला बसली आणि प्रयोग सुरू झाला. ती पोत्यावर बसून कुंड्यांकडे बघत राही. मी शाळेतून धावत घरी येई ती थेट मागच्या अंगणात. दुसऱ्याच दिवशी ठिपक्याच्या कुंडीतली रोपं कलली. तिसऱ्या दिवशी आडवी झाली. चौथ्या दिवशी ती पिवळी पडून मातीला चिकटली होती, आणि शेजारची कुंडी हिरवीगार, माना वर करून उभी. उन्हाळा तोंडावर आला होता, पण ऊन दोघींवर सारखंच होतं.

आईचा चेहरा जिंकलेल्या बाईसारखा नव्हता. ती वाळक्या कुंडीकडे भीतीनं पाहत होती. तिनंही उभा जन्म महिन्याचे चार दिवस त्या पोत्यावर काढले होते. कदाचित मनातून तिलाही ते झाड जगायला हवं होतं. हे मला आत्ता लिहिताना वाटतं आहे, आणि विचारायला आता आई नाही.

बाबा मात्र हट्टाला पेटले. एकदा झालं तो योगायोग असू शकतो, ते म्हणाले. प्रयोग पुन्हा करायचा. पुढच्या महिन्यात नवी माती, नवी मेथी, ठिपका दुसऱ्या कुंडीवर, म्हणजे कुंडीतच काही दोष असेल तर कळेल. केवढी काळजी घेतली त्या माणसानं! पाणी पुन्हा आईच्याच हातून, गडवाभर. आणि पुन्हा तेच झालं. ठिपक्याची आडवी पडली, बिनठिपक्याची उभी राहिली.

संध्याकाळी बाबा पडवीच्या कडेशी, ताईपासून जरा लांब, उकिडवे बसले. “निकाल आवडला नाही म्हणून बदलता येत नाही पोरी,” ते म्हणाले. “दोनदा केलं आपण. दोनदा सारखंच आलं.”

“हो बाबा,” ताई म्हणाली. “मी पाह्यलं ना.”

तिनं दिलेला शब्द पाळला. पुन्हा कधी बोलली नाही. दहावीत गृहशास्त्र घेतलं, मॅट्रिक झाली, आणि आष्टीकडे तळेगावला, भाजीपाल्याची शेती असलेल्या चांगल्या घरात दिली गेली. चुन्याच्या निवळीचा खेळ तिनं त्या उन्हाळ्यात बंद केला. मी एकदा पपईचं देठ घेऊन तिच्याकडे गेले, तर म्हणाली, “तू कर. तुले जमते आता.” मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण का ते सांगता आलं नसतं.

माझं नशीब निराळं निघालं, आणि तेही कर्तृत्वानं नव्हे. मला शिकायला नागपूरला मामाकडे ठेवलं. मामाच्या दोन खोल्यांत आठ माणसं. पहिल्याच महिन्यात मी भीत भीत मामीला सांगितलं, तर ती म्हणाली, “इथे बाजू कुठे आहे तुले बसायले? रस्त्यावर बसशील काय? चल, कणीक भिजव.” मी भिजवली. पोळ्या नेहमीसारख्या झाल्या. असं जागेच्या टंचाईमुळे मला सायन्स मिळालं, आणि मी अल्लीपूरला शाळेत लागले. ताईनं जे ठरवलं होतं ते मी झाले. ह्याचा मला कधीच निर्भेळ आनंद घेता आला नाही.

मामीच्या कणकेमुळे त्या दोन कुंड्यांवरचा माझा विश्वास उडायला हवा होता. पण उडाला नाही. काहीतरी असेल, असं म्हणून मी तो विषय मनात बाजूला ठेवून दिला होता. डोळ्यांनी पाहिलेलं, दोनदा पाहिलेलं, बाबांनी तपासलेलं. त्याच्याशी भांडायला माझ्याकडे काही नव्हतं. ताईकडे गेले की ती तिच्या दोघी मुलींना ती गोष्ट सांगायची, जराशा तोऱ्यातच: “बाकीच्या बाया ऐकून पाळतात. मी सोता करून पाह्यलं हाये.” मुली माझ्याकडे पाहायच्या, कारण मावशी सायन्सची मास्तरीण. मी म्हणायचे, “हो, मी होते तिथे.” मी होते, हे खरंच होतं.

शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. अल्लीपूरच्या शाळेत आम्ही हरभऱ्याची रोपं लावली होती, काही उजेडात, काही टोपलीखाली. पाणी घालायची पाळी एका उंच, आळशी मुलीची होती. वाकायचा कंटाळा, म्हणून ती उभ्यानंच तांब्या तिरका करून धार सोडत होती. माती उडत होती, कोवळी रोपं भराभर आडवी पडत होती. मी व्हरांड्यातून ओरडले, “अगं ए, खाली बस! बाजूला बसलेल्या बाईला वाढतात तसं काय वरून ओततेस?”

पोरी फिदीफिदी हसल्या. मी त्यांना रागावले नाही, कारण माझं तोंड उघडंच राहिलं होतं. मला आमचं मागचं अंगण दिसलं. आई बिनठिपक्याच्या कुंडीपाशी खाली बसते, गडवा डाव्या हातात, उजव्या हाताच्या बोटांतून पाणी शिंपडते, मेथीला घालतात तसं हळूहळू. मग उठते, पदर सावरते, आणि ठिपक्याच्या कुंडीत उभ्यानं, वरून, लांबून, धार धरून, नवा काठोकाठ भरलेला गडवा ओतते. कुंडीला ताईचा हात लागलेला होता ना. मग तिला पाणी द्यायची रीत तीच. हे मी रोज पाहत होते. आम्ही सगळेच पाहत होतो.

त्या रविवारी मी नालवाडीला गेले. बाबा तोवर गेलेले होते. आईला कमी दिसत होतं. मी तिला विचारलं, “आई, त्या ठिपक्याच्या कुंडीला तू पाणी कसं घालत होतीस?”

“वरूनच ना,” आई म्हणाली. “शिवलेली होती ते.” मग तिला वाटलं की मी तिच्या खरेपणावर शंका घेते आहे. “गडवाभर घातलं बरं. एक थेंब कमी नाई केला.”

मी म्हटलं, “माहीत आहे मला.” पुढे काही सांगायचा धीर झाला नाही. म्हातारीला काय सांगणार? बाबांनी माती चाळली, ऊन मोजलं, कुंड्यांची अदलाबदल केली, पण पाण्याचं माप पाहिलं आणि पाणी कसं पडतं तिकडे लक्ष दिलं नाही. डोळ्यांसमोर होतं तरी त्यांना ते दिसलं नाही. आणि चूक जागच्या जागी ठेवून प्रयोग दोनदा केला काय आणि दहादा केला काय, उत्तर दरवेळी तेच येणार. मी वर्गात हे पुढे कायम सांगत आले. आमच्या घरात मात्र दुसऱ्या वेळच्या त्या सारख्या उत्तरानंच सगळ्यांची तोंडं बंद झाली.

ताईला सांगायला मी उतावीळ होते. तिचं ओझं उतरेल, ती हसेल, आपण दोघी मिळून बाबांच्या नावानं चार शब्द बोलू, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तळेगावला पोचले तेव्हा ती बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. दोघी मुली लग्न होऊन गेलेल्या. घरात आम्ही दोघीच. मी जमिनीवर बसून तिला सगळं सांगितलं, अगदी फळ्यावर सांगावं तसं.

ती जुड्या बांधत ऐकत होती. मग म्हणाली, “आई वरून घालत होती ते मी रोज पाह्यलं. समोरच तं बसली होती मी.”

“मग तुला काही वाटलं नाही?”

“काय वाटन? मलेही ते तशीच घालत होती.”

हातातली जुडी बांधून झाल्यावर तिनं विचारलं, “मंग खालून घातलं असतं तं जगलं असतं का ते?”

इथे मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. कोणीही बहीण म्हणाली असती. पण माझ्यातली मास्तरीण आडवी आली. “त्या प्रयोगावरून तसं काही सांगता येत नाही,” मी म्हटलं. “हातानं वाळलं की धारेनं, हे वेगळं काढताच येत नाही ना. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हेही नाही आणि तेही नाही.”

“काहीच नाई?”

“काहीच नाही.”

तिचे हात थांबले. मला वाटलं होतं तिला तिची शाळा आठवेल, तिचं सायन्स, ती निवळी. मी त्या रडण्यासाठी तयार होऊन आले होते. पण ती म्हणाली, “माही मोठी पोरगी फार रडली होती. नववीतच होती. शाळेतल्या बाई तिले म्हणत, तू सारखी घरी बसशील तं अभ्यास मागं पडन. माह्या पायाशी बसून रडली, आई जाऊ दे म्हणे. मी तिले दोन कुंड्यांची गोष्ट सांगितली.” मग ती म्हणाली, “लहानीनं तं विचारलंही नाई.”

त्या दोघी पोरींनी गोष्ट ऐकून माझ्याकडे पाहिलं होतं ते मला आठवत होतं. ताईनं उरलेली मेथी पुढ्यात ओढली, सुतळीचा तुकडा तोडला आणि पुन्हा जुडी बांधायला घेतली.

“पोरींले हे सांगजो नको,” ती म्हणाली.

“का गं?”

“त्या म्हणतीन, मंग आमी काऊन बसलो? मी त्याईले काय सांगू?”